दोन फुटांची शमी

निवृत्त होऊन अडीच वर्षं झाली, तरी दारावरून बकऱ्यांचा कळप गेला की मी हातातलं काम टाकून बाहेर येते. बकऱ्या कुठून आल्या, कुठं चालल्या आणि मुख्य म्हणजे काय खाऊन आल्या, हे मला जाणून घ्यायचं असतं. शेजारच्या सुनेला वाटतं, बाईंना एकटेपणानं काहीतरी झालंय. तिला मी काही समजावत बसत नाही. पण या अंकाच्या संपादकबाईंनी ‘नोकरीतला एखादा अनुभव लिहाच’ म्हणून पिच्छा पुरवला, तेव्हा ठरवलं की लिहायचं तर हेच. कौतुकाच्या गोष्टी लिहायला बाकीचे आहेत.

मी सरकारी रोपवाटिकेत काम केलं. आधी रोजंदारीवर, मग कायम मजूर म्हणून, आणि शेवटची काही वर्षं देखरेखीचं काम माझ्याकडं होतं. रोपवाटिका म्हटलं की लोकांना झारी घेऊन उभी असलेली बाई दिसते. पाणी घालायला कुणीही चालतं हो. बी गोळा करणं, किडकं बाजूला काढणं, कुठलं गरम पाण्यात भिजवायचं आणि कुठलं दगडावर घासायचं हे लक्षात ठेवणं, पिशव्यांत माती, वाळू, शेणखत भरणं, आणि पावसाच्या तोंडावर रोपांची प्रतवारी करणं, हे खरं काम. प्रतवारी म्हणजे कुठलं रोप फाटकाबाहेर सोडायचं आणि कुठलं नाही, हे ठरवणं. त्यासाठी माझ्याकडं एक काठी होती. दोन फुटांवर लाल रंगाची रेघ मारलेली. रेघेच्या वर शेंडा गेला की पास, खाली राहिला की नापास. कडुनिंब पास व्हायचा, करंज पास व्हायचा, शिरीष तर सहा महिन्यांत काठीलाच वाकुल्या दाखवायचा.

शमी मात्र या काठीला कधी पुरली नाही.

शमी मूळची वाळवंटातली. राजस्थानात तिला खेजडी म्हणतात, आपल्याकडं सौंदड. जिथं बाकीची झाडं हात टेकतात तिथं ही उभी राहते, आणि आपल्या धाराशिवच्या मुरमाड माळावर तिचं बरं चाललेलं असतं. तिचा सगळा कारभार उलटा. रुजल्यावर पहिलं वर्षभर ती वर यायचं नावच घेत नाही. वर चार बोटं आणि खाली दोन हात मूळ. आधी पाण्याची सोय, मग घर, असा तिचा हिशेब. त्यामुळं तिच्या पिशव्या दर पंधरा दिवसांनी उचलून जागा बदलावी लागते. नाहीतर मूळ पिशवी फोडून जमिनीत घुसतं, आणि नंतर पिशवी उचलली की तुटतं. वैशाखात सगळा माळ करपलेला असताना हिला नवी पालवी येते. हिच्याखाली ज्वारी खुरटत नाही, उलट हिरवीगार दिसते, म्हणून जुने शेतकरी बांधावरच काय, मधोमध आलेली शमीसुद्धा तोडत नसत. पाला बकऱ्यांना इतका आवडतो की कुंपण नसेल तर रोप वाचत नाही. आणि शेंगा पिकतात पावसाळ्याच्या आधी, कडक उन्हात. पण शेंगा फोडाव्यात तर निम्म्याहून जास्त बियांना किड्यांनी भोकं पाडलेली असतात.

एकदा आमचे एक साहेब तपासणीला आले. शमीच्या वाफ्यासमोर थांबून म्हणाले, ‘‘हे काय, मेलंय का?’’

‘‘साहेब, खाली जिवंत आहे,’’ मी म्हणाले.

‘‘खालचं कोण बघणार आहे?’’

त्यांचंही चूक नव्हतं. त्यांना वर उत्तर द्यायचं होतं, आणि वरच्यांना उंची कळते.

गिऱ्हाइकं शमीला फारशी यायची नाहीत. यायची ती शनीच्या पीडेमुळं. एक दुकानदार कुंडीत शमी घेऊन गेले आणि वर्षभरानं भांडायला आले, म्हणाले, पीडाही गेली नाही आणि झाडही वाढलं नाही. मी त्यांची कुंडी तिथंच आपटून फोडली. आत मुळांचं वेटोळं, एखाद्या दोरखंडासारखं. गृहस्थ वाकून बघायला लागले. ‘‘एवढं कोंडलं होतं होय,’’ म्हणाले, आणि रोप शेतात लावतो म्हणून घेऊन गेले. असले दिवस आले की मला वाटायचं, शमी आपल्याला कळली. तिथंच माझी चूक झाली.

एका उन्हाळ्यात लोहारा तालुक्यातल्या एका गावचे तिघं-चौघं आले. गावाचं नाव लिहीत नाही. भूकंपात जुनं गाव पडलं आणि नवं गाव ओढ्याच्या अलीकडं वसवलं, तसल्या गावांपैकी एक. त्यांच्यात सगळ्यांत वडीलधारे होते बसवंतअण्णा. पांढरी टोपी, कपाळाला भस्म, हातात काठी. त्यांच्या घरात मराठीबरोबर कानडीही बोलतात, म्हणून ते शमीला बन्नीच म्हणायचे.

‘‘बाई, नव्या गावाला समदं मिळालं,’’ ते म्हणाले. ‘‘रस्ते मिळाले, साळा मिळाली, टाकी मिळाली. बन्नी तेवढी न्हाय मिळाली.’’

दसऱ्याला शमी पुजायला गावानं शिवेबाहेर जायचं असतं. त्यांची शमी राहिली होती जुन्या गावठाणात, पडक्या जोत्यांमध्ये. दर दसऱ्याला सगळं गाव ओढा ओलांडून तिकडं जायचं.

‘‘जवळच तर आहे की, अण्णा,’’ मी सहज म्हणाले.

अण्णांनी काठी उचलली आणि ते फाटकाकडं वळले. निघताना त्यांच्यातल्या एकानं मला बाजूला घेतलं. ‘‘अण्णा दर दसऱ्याला वढ्यापतूर येत्यात आन् तिथनं माघारी फिरत्यात. मालकीण आन् धाकटी लेक, दोघी भूकंपात तिथल्या घराखाली गेल्या. तवापासनं त्यांनी वढा वलांडला न्हाय. बन्नीला हात जोडायचं बी ऱ्हायलंय त्यांचं.’’

मी मनाशी ठरवलं, या माणसाला रोप द्यायचं, आणि तेही त्याच जुन्या झाडाच्या बियांचं.

शेंगांतलं बी किडकं निघतं, म्हणून मी एक युक्ती करायचे. कळप राखणाऱ्या एका बाईनंच मला ती शिकवली होती. बकऱ्या शेंगा खातात, बी पचत नाही, लेंड्यांतून जसंच्या तसं पडतं. पोटातून फिरून आल्यामुळं त्याचं कवच मऊ झालेलं असतं, आणि असं बी भराभर रुजतं. ज्येष्ठात मी त्या जुन्या गावठाणात गेले. शमी केवढी मोठी! खोडाला भेगा, खाली गार सावली, आणि सावलीत दुपारचा बसलेला बकऱ्यांचा कळप. मी झाडाखालच्या लेंड्या झाडून अर्धं पोतं भरलं आणि एसटीनं घेऊन आले. शेजारच्या सीटवरच्या बाईनं नाकाला पदर लावला. मला मात्र त्या पोत्याचा फार अभिमान वाटत होता.

बी रुजलं, आणि त्यातली काही रोपं बघता बघता वाढायला लागली. बाकीची नेहमीसारखी चार बोटांवर बसून राहिली, पण दहा-बारा रोपं अशी उठली की पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर काठीची रेघ ओलांडून गेली. इतक्या वर्षांत शमी पहिल्यांदा पास झाली. साहेबांनी वाफ्याशी उभं राहून फोटो काढून घेतला. मी खुरटी रोपं उचलून रोपवाटिकेच्या पाण्याच्या टाकीमागं नापास झालेल्यांच्यात टाकली, आणि बारा उंच रोपं बारा ठिकाणी द्यायची म्हणून यादी केली. सगळ्यांत उंच होतं ते अण्णांसाठी काढलं. एसटीत मी ते मांडीवर घेऊन बसले होते, तरणीताठी पोर सासरी पोचवायला निघाल्यासारखी.

गायरानाच्या कडेला खड्डा घेतला, रोप लावलं, भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण केलं. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून रोपाला हात जोडले. ‘‘रोज एक घागर घालतो. तुमी काळजी करू नका,’’ म्हणाले. पुढच्याच वर्षी माझी बदली तुळजापूरकडं, अणदूरच्या बाजूच्या रोपवाटिकेत झाली आणि माझं तिकडं जाणं तुटलं. अधूनमधून कुणी भेटलं की कळायचं, झाड झपाट्यानं वाढतंय, गाव आता तिथंच दसरा करतं. ‘‘सरकारी शमी हाय ती, हायब्रीड,’’ एक जण मला म्हणाला होता. मी हसले होते. हसू कसं आलं मला?

गेल्या वर्षी नवरात्राच्या सुरुवातीलाच माकणीला भाचीकडं गेले होते. येताना वाटेत ते गाव लागलं म्हणून मुद्दाम उतरले. मनात होतं, झाड बघावं, अण्णांना भेटावं, जरा कौतुक करून घ्यावं.

झाड दोन पुरुष उंच झालं होतं. खाली दगडांचा पार बांधला होता, खोडाला हळदीकुंकू, एक लाल कापड गुंडाळलेलं. मी हात जोडले आणि वर बघितलं. फांद्यांना शेंगा लोंबत होत्या. काही हिरव्या, काही पिवळ्या पडायला लागलेल्या.

आश्विनात शमीला शेंगा?

मी आधी स्वतःचीच समजूत घातली. पाऊस मागंपुढं झाला असेल, अवेळी आल्या असतील. मग एक शेंग ओढून घेतली. शमीची शेंग बारीक, गोलसर, शेवग्याच्या कोवळ्या शेंगेसारखी असते. ही चपटी आणि जाड होती. मग फांदी धरली. शमीचे काटे बारके, फांदीवर कुठंही विखुरलेले. या फांदीवर पानाच्या प्रत्येक पेरापाशी दोन-दोन काटे होते, लांब, जोडीजोडीनं. मी दुसरी फांदी धरली. तिसरी धरली. सगळीकडं जोडीच. बोटातून रक्त आलं ते मला पारावर बसल्यावर कळलं.

ती विलायती बाभूळ होती. आपल्याकडं तिला वेडी बाभळ म्हणतात. शमीचीच लांबची नातेवाईक, पण साता समुद्रापलीकडून आलेली. कुणीतरी कधीतरी उघड्या माळांवर हिरवळ व्हावी म्हणून ती लावली आणि तिनं माळच्या माळ गिळले. जिथं शिरते तिथं गवत राहत नाही, तोडली की दहा ठिकाणांहून फुटते. पाल्याला बकरी तोंड लावत नाही, वर्षातून दोनदा येणाऱ्या शेंगा मात्र आवडीनं खाते आणि बी गावभर पेरत हिंडते. लहानपणी ही आणि शमी शेजारी ठेवल्या तर चुलत बहिणी शोभतील. फरक एकच, ही भराभर वाढते.

बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांसमोरून सगळं गेलं. ओढ्याच्या काठानं वेड्या बाभळीचं रान होतं. बकऱ्या तिथल्या शेंगा खाऊन दुपारी शमीच्या सावलीला येऊन बसत होत्या. माझ्या पोत्यात दोन्हींचं बी होतं. आणि मग मी काठी घेऊन बसले आणि जी उंच होती ती निवडली. आंधळेपणानं निवडलं असतं तरी एखादी शमी हाताला लागली असती. मी नीट पारखून, एकेक रोप मापून, बाराच्या बारा चुकीची काढली. टाकीमागं फेकली ती शमी होती.

पाराभोवतीचं कुंपण कधीच मोडलेलं होतं, तरी झाडाचा पाला कुणी ओरबाडला नव्हता. एवढ्या गावाला जे कळलं नाही ते बकऱ्यांना पहिल्या दिवशी कळलं असणार. पलीकडं गायरानात नजर टाकली तर गवतातून हातहात उंचीची रोपं डोकं काढत होती. इथं दोन, तिथं चार.

अण्णांच्या घरी गेले, चहा घेतला. अण्णा झाडाविषयी बोलत होते आणि मी मान डोलावत होते. सांगितलं नाही. धीरच झाला नाही. घरी आले आणि चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मन नाना वाटा काढायचं. पूजेला भाव महत्त्वाचा, झाड कुठलं का असेना. आपण आता निवृत्त झालो. विचारणार कोण? पण डोळे मिटले की पिवळ्या पडणाऱ्या शेंगा दिसायच्या. त्या आठ-पंधरा दिवसांत गळणार, बकऱ्या त्यावर तुटून पडणार, आणि पाच वर्षांनी त्या गावाला गायरान राहणार नाही. हे सगळं मी मांडीवर बसवून नेलं होतं.

पाचव्या दिवशी उठले आणि गेले. आधी ओढा ओलांडून जुन्या गावठाणातल्या खऱ्या शमीची एक काटकी तोडून घेतली, मग पारावरच्या झाडाची. दोन्ही काटक्या अण्णांच्या पुढं ओसरीवर ठेवल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. लेंड्या, काठी, टाकीमागची रोपं, सगळं. अण्णांची सून शांताबाई दारात उभी राहून ऐकत होती.

अण्णांनी दोन्ही काटक्यांवरून बराच वेळ अंगठा फिरवला. त्यांना आता डोळ्यांनी कमी दिसतं.

शांताबाई म्हणाली, ‘‘पाच दसरे पुजलं की हो बाई त्याला. पोराच्या लग्नाची पयली अक्षत तिथं ठिवली. आता तुमी म्हनताव ते न्हवंच!’’

‘‘हो,’’ मी म्हणाले.

‘‘मंग आमी कुनाला हात जोडलं इतके दीस?’’

‘‘गप ऱ्हा, शांते,’’ अण्णा म्हणाले. मग माझ्याकडं तोंड करून त्यांनी विचारलं, ‘‘बाई, तुमी लावलं तवा बन्नी म्हनूनच लावलं न्हवं?’’

‘‘हो अण्णा.’’

‘‘म्या बी बन्नी म्हनूनच पानी घातलं. मंग पूजा खोटी न्हाय. झाड तेवढं खोटं हाय.’’ मग म्हणाले, ‘‘एक धनगर मला म्हनला हुता दोन वर्सांमागं, अण्णा ही वेडी बाभळ दिसती. म्या त्याच्यावर काठी उगारली.’’

मला रडू आलं. अण्णांना ते आवडलं नसावं. ‘‘रडून काय व्हतंय?’’ ते जरा तडकूनच म्हणाले. ‘‘शेंगा गळायच्या आत काय करायचं ते सांगा.’’

मी सांगितलं. नुसतं तोडून भागणार नाही, बुंध्याभोवती हातभर खोल खणून गड्डा काढावा लागेल, शेंगा एकूणएक वेचून जाळाव्या लागतील. गावात दोन दिवस बोलाचाली झाली. काहींचं म्हणणं पडलं, देवाचं झालेलं झाड तोडायचं नसतं. काहींनी माझ्या खात्याचा उद्धार केला, माझाही केला. मी ऐकून घेतलं. शेवटी अण्णाच म्हणाले की पाणी म्या घातलंय, तोडायचं का ठिवायचं ते म्या सांगनार. खंडेनवमीला हत्यारं पुजायची असतात, त्या दिवशी ती चालवत नाहीत, म्हणून अष्टमीलाच झाड पाडलं. अण्णांनी आधी पाण्याचा तांब्या ओतला, नारळ फोडला, मग पहिला घाव घातला. पुढचे घाव गावातल्या पोरांनी घातले. शांताबाईनं पदर खोचून शेंगा वेचायला घेतल्या. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत वेचत होतो आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता ती माझ्या बाजूच्या राहिलेल्या शेंगाही वेचत होती.

दसऱ्याला गाव पुन्हा जुन्या गावठाणात निघालं. मीही गेले, सगळ्यांच्या मागून. ओढ्याशी आल्यावर अण्णा थांबले. लोक पुढं गेले, कुणी हाक मारली नाही. मला वाटलं, आता माघारी फिरतील, आणि ते माझ्यामुळं असेल. त्यांनी चप्पल काढून हातात घेतली आणि ओढ्यात पाय घातला. पलीकडं गेल्यावर ते शमीकडं न जाता एका जोत्याकडं गेले. तिथं नुसती घाणेरीची झुडपं माजली होती. तिथं ते बराच वेळ उभे राहिले. मग येऊन त्यांनी शमीला डोकं टेकवलं आणि मला म्हणाले, ‘‘वैशाखात पालवी आली की या. शेंगा भरल्या का बगा. या खेपंला झाडावरनंच काढू. लेंड्या नगं.’’

बाकीच्या अकरा रोपांचं काय, असं कुणीही विचारेल. यादी माझ्याकडं होती. हिवाळाभर मी एसटीनं गावं हिंडले. सात ठिकाणी लोकांनी ऐकलं आणि झाडं काढली. दोन ठिकाणी रोप पहिल्याच उन्हाळ्यात मेलं होतं, ते ऐकून मला बरं वाटलं. रोप मेल्याचं ऐकून बरं वाटण्याची माझी ही पहिली वेळ. एका ठिकाणी मला देवळाच्या आवारातून हाकलून दिलं. आणि एक रोप ज्यांनी नेलं ते गृहस्थ गाव सोडून गेलेत, त्यांनी ते कुठं लावलं हे कुणालाच माहीत नाही. दारावरून कळप गेला की मला ते एक झाड आठवतं.

जुन्या रोपवाटिकेतही जाऊन आले. टाकीमागं पिशव्या कधीच फाटून गेल्यात, पण त्यातल्या पाच-सहा नापास शमी तिथं आहेत. कमरेएवढ्या, राखाडी, बकऱ्यांनी खुडून खुडून झुडपासारख्या केलेल्या. मुळं खोल गेलीत, आता त्यांना कुणी हलवू शकत नाही. त्यांच्यापाशी मला फार वेळ उभं राहवलं नाही.

यंदा वैशाखापासून मी तिकडं खेपा घातल्या. ज्येष्ठात शेंगा पिकल्या, तेव्हा अण्णांच्या नातवानं फांदी वाकवून धरली आणि मी माझ्या हातानं शेंगा काढल्या. घरी आणून फोडल्या, भिंगातून एकेक बी बघितलं आणि न किडलेलं एक मूठ बी निघालं. मी पिशव्या भरायला घेणार होते. अण्णा नको म्हणाले.

‘‘पिशवीत कशापायी कोंडायचं? खड्ड्यातच टाकू की. तिचं मूळ तिला जायचं तिथं जाऊ द्या.’’

‘‘अण्णा, मग वर दिसायला दोन-तीन वर्षं जातील.’’

‘‘माझ्या डोळ्यांनी तसं बी दिसत न्हाय,’’ ते म्हणाले.

जन्मभर रोपवाटिकेत काढलेल्या बाईला हे शेतकऱ्यानं सांगावं लागलं. पारापासून लांब, गायरानाच्या दुसऱ्या टोकाला नवा खड्डा घेतला आणि पहिला पाऊस झाल्यावर बी टाकलं. मी घरी आले आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की गायरानाची ती माती काही कोरी नाही. दोन-तीन वर्षं त्या झाडाच्या शेंगा खाऊन बकऱ्या तिथंच हिंडल्यात. वेड्या बाभळीचं बी मातीत वर्षानुवर्षं तग धरून राहतं. आमचं मूठभर बी आणि त्या मातीत आधीच पडलेलं असेल ते, यातलं आधी कोण रुजणार?

आषाढात अण्णांचा फोन आला.

‘‘बाई, एक उगवलंय. शांता म्हनती दोन पानं हायती. तुमी येऊन सांगा कुठलं हाय ते. तवर म्या पानी घालत न्हाय.’’

‘‘अण्णा, पाऊस नाहीये का तिकडं?’’

‘‘उघडीप हाय. आठ दीस झाले. ऊन लई पडतंय.’’

दोन पानांवर ते सांगता येत नाही. काटे यायला वेळ लागतो, पानांचा रंग कळायला वेळ लागतो. हे मी फोनवर सांगायला हवं होतं. पण आठ दिवसांच्या उन्हात दोन पानांचं रोप किती टिकणार? शमी असेल तर तिनं मूळ खाली घातलं असेल, तरी एवढ्याशा वयात तिलाही घोटभर लागतंच. मी पिशवीत भिंग टाकलं आणि मिळेल ती एसटी पकडली.

खड्ड्याशी अण्णा उकिडवे बसले होते. शेजारी घागर भरून ठेवलेली होती आणि तिच्यावर हात होता. शांताबाई पलीकडं उभी. मी गुडघे टेकले, भिंग लावलं. दोन बारीक पानं, खाली केसाएवढं देठ. कोनातून बघितलं, पान उलटून बघितलं, उजेडाकडं धरून बघितलं. जे माहीत होतं तेच पुन्हा कळलं, की कळत नाही.

‘‘काय दिसतंय?’’ अण्णांनी विचारलं.

मातीला तडे जायला लागले होते. पानांच्या कडा आत वळत होत्या. मागं एकदा मी पूर्ण खात्रीनं या माणसाच्या हातात चुकीचं झाड दिलं होतं, आणि आता माझ्याकडं खात्रीचा कणही नव्हता. शांताबाई माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला सगळं दिसत होतं, असं मला वाटलं.

‘‘घाला पाणी, अण्णा,’’ मी म्हणाले.

अण्णांनी घागर वाकवली.